कातळशिल्पापर्यंत गाडीरस्ता हवा की नको?

सड्यावरचा
आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक कातळशिल्प आहे, जमिनीतल्या खडकातच कोरलेलं जुनं चित्र. तिथपर्यंत डांबरी रस्ता आणि पार्किंग करायचा ठराव ग्रामसभेत येतोय. माझा विरोध आहे. परवा गेलो तर फोटोत उठून दिसावं म्हणून कुणीतरी माशाच्या आकृतीच्या खाचा चुन्याने भरून ठेवलेल्या. हिराची केरसुणी घेऊन तासभर खरवडलं, तरी शेपटीजवळचा चुना निघाला नाही. जांभा सच्छिद्र, चुना आत मुरतो. पायवाट असताना ही गत, मग रस्ता झाल्यावर? शिवाय रोलर फिरला की कातळावरची दीपकाडी गेलीच. पावसाच्या तोंडावर फुलणारी ही पांढरी फुलं कोकणपट्टीबाहेर क्वचितच दिसतात.

खालच्या वाडीतला
दादा, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. बहुतेक शिल्पं खाजगी जमिनीत आहेत. आमच्या काकांच्या सड्यावर भात नाही, आंबा नाही. बांधकामाला जांभ्याचे चिरे काढणारा चिरेखाणवाला मात्र रोख मोजायला तयार आहे. एकदा मशीन लागलं की शिल्पासकट चिरे निघतात, मग चुन्याचा प्रश्नच उरत नाही. रस्ता आला तर चार माणसं येतील, घरात जेवतील, काका जमीन विकणार नाहीत. रत्नागिरीजवळच्या उक्षीला गावानेच पुढे होऊन कातळात कोरलेल्या हत्तीभोवती कठडा घातला. तेही लोक येतात म्हणूनच ना?

राजापूरची सून
उक्षीत कठडा आहे, शिल्पाला खेटून पार्किंग नाही. कशेळी गावचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब. पायाशी उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात, त्याच्या पोटात कोरलेले प्राणी तर ओळखूच येत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नकळत त्याच्या सोंडेवर उभी होते, अजून वाईट वाटतं. म्हणून आधी वरून बघायला मचाण हवं आणि चपला बाहेर काढायला लावणारा गावातला माणूस हवा. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्यातली ९ ठिकाणं गेली, पण यादीत नसलेली कितीतरी उघडी पडली आहेत.

सड्यावरचा
@खालच्या वाडीतला, काकांचं मला पटलं. चिरेखाणीचा विचार मी केलाच नव्हता. पण रस्त्याला माझी ना कायम. गाड्या वाडीत देवळापाशी थांबू देत, तिथून पंधरा मिनिटं चालत. माणशी पैसे घ्या, त्यातला निम्मा वाटा जमीनमालकाला. ग्रामसभेत मी हे मांडतो. काका येतील का?

खालच्या वाडीतला
विचारतो. निम्मा वाटा लेखी द्या म्हणतील. आणि पावसाळ्यात कुणी फिरकत नाही, ते चार महिने त्यांनी काय करायचं?