'मलेझ'ला मराठीत काय म्हणावं? मरगळ, ग्लानी, अस्वास्थ्य…

मूळ प्रश्न

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा माहितीपट दाखवतात. या वेळी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आयुष्यावरचा आहे. ज्येष्ठ मंडळींना अमेरिकी उच्चार नीट कळत नाहीत, म्हणून पडद्याखाली मराठी ओळी द्यायचं काम मी घेतलंय. जवळजवळ सगळं झालं, पण एका शब्दापाशी चार दिवस अडून बसलोय.

प्रसंग १९७९ च्या उन्हाळ्याचा. इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचा पुरवठा आटला आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. कार्टर ५ जुलैला देशाशी बोलणार होते. ते भाषण त्यांनी ऐनवेळी रद्द केलं, कॅम्प डेव्हिडला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या डोंगरातल्या विश्रामस्थानी, मुक्काम ठोकला आणि राज्यपाल, धर्मगुरू, कामगार पुढारी, अर्थतज्ज्ञ अशा कितीतरी लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं खुद्द त्यांच्यावरच टीका करणारं होतं, आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. १५ जुलैला ते दूरचित्रवाणीवर बोलले. हे भाषण तिकडे 'मलेझ स्पीच' म्हणून ओळखलं जातं.

मी आधी 'मरगळीचं भाषण' असं लिहिलं. पडद्यावर वाचून पाहिलं तर भाषणच मरगळलेलं होतं असा अर्थ निघतोय. 'नैराश्याचं भाषण' म्हटलं तरी तोच घोटाळा. काय करावं?

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे. हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. रुग्ण सांगतो, "ताप मोजला तर नाहीये, पण अंग मोडून आलंय, बरं वाटत नाही." आम्ही कागदावर 'मलेझ' लिहितो. मराठीत त्याला कणकण, कसकस, कसर असे नेमके शब्द आहेत. रोग अजून कळलेला नाही, पण काहीतरी बिनसलंय हे शरीराला कळलंय, ही त्यातली खूण. कार्टरना देशाबद्दल हेच म्हणायचं असेल, तर 'देशाला आलेली कणकण' मला चपखल वाटते. फार घरगुती वाटेल का, ते तुम्ही ठरवा.

प्रतिसाद

'कणकण' सुंदर आहे, पण पडद्यावर तीन सेकंदांत वाचणाऱ्याला सर्दी-पडसं आठवेल.

मूळ फ्रेंच शब्द फोडून पाहा. 'मल' म्हणजे वाईट, 'एझ' म्हणजे सुखात, मोकळेपणानं असणं. आपल्याकडे 'अस्वास्थ्य' हा त्याचा जुळा भाऊच. स्व-स्थ म्हणजे आपल्या ठिकाणी असलेला. अस्वस्थ म्हणजे जो आपल्या ठिकाणी नाही तो. दुर्दैवानं रोजच्या वापरात 'अस्वस्थ' म्हणजे बेचैन, येरझाऱ्या घालणारा असा अर्थ रुळलाय, आणि मलेझमध्ये येरझाऱ्या नाहीत, उलट हातपाय गळाल्यासारखं आहे.

'ग्लानी' कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. गीतेतल्या 'ग्लानिर्भवति भारत'मध्ये ती धर्माची क्षीणता आहे आणि तो अर्थ इथे छान बसला असता. पण आज आपण 'पेशंट ग्लानीत आहे' म्हणतो तेव्हा तो अर्धवट शुद्धीत असतो. 'विषाद' एका अर्जुनाचा, समोर ठाकलेल्या एका निर्णयापुढचा. 'औदासीन्य'ही नको. उदासीन म्हणजे ज्याला काही पडलेली नाही असा, खिन्न नव्हे. हा फरक आपण बोलताना पुसून टाकलाय, निदान लिहिताना तरी राखावा.

प्रतिसाद

शब्द शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण तुमच्या ओळीवर तिचा परिणाम होणार आहे. कार्टर यांनी त्या भाषणात 'मलेझ' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. तो त्यांच्या सल्लागारांच्या वर्तुळात आणि वार्ताहरांच्या तोंडी फिरत होता, नंतर विरोधकांनी उचलला आणि भाषणाला कायमचा चिकटवला. म्हणजे हे भाषणाचं नाव नाही, भाषणाला पडलेलं नाव आहे. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत जो फरक आहे, तो इथे लागू होतो.

गंमत नव्हे, यात अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. भाषणानंतर लगेच कार्टर यांची लोकप्रियता वाढली होती. लोकांनी पत्रं पाठवली, फोन केले. दोनच दिवसांनी त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाकडे राजीनामे मागितले, पाच जणांना घालवलं, आणि सरकारच डळमळतंय असं चित्र उभं राहिलं. नोव्हेंबरात इराणमध्ये, तेहरानच्या अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले. ५२ जण ४४४ दिवस अडकून होते, सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शपथ घेतली त्याच दिवशी. निवडणूक तर आधीच हातची गेली होती. एवढं सगळं घडल्यावर मागे वळून पाहणाऱ्यांना ते भाषण रडगाणं वाटू लागलं.

कार्टर स्वतः जे म्हणाले ते 'क्रायसिस ऑफ कॉन्फिडन्स'. खरी कसोटी या शब्दांची आहे. 'आत्मविश्वासाचं संकट' म्हटलं तर परीक्षेला बसलेल्या मुलाला घाम फुटल्यासारखं वाटतं. 'विश्वासाचं संकट' म्हटलं तर आपल्या वाचकाच्या डोक्यात थेट विश्वासदर्शक ठराव येतो. आणि तारीख बघा! १५ जुलै १९७९. यशवंतराव चव्हाणांनी आणलेल्या अविश्वास ठरावापुढे मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला तो हाच दिवस. दीड वर्षापूर्वी, जानेवारी १९७८ मध्ये, कार्टर आणि मोरारजी या दोघांनी दिल्लीत जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. तुमच्या प्रेक्षकांत ज्यांना तो काळ आठवतो, ते 'विश्वास' शब्द वाचून दिल्लीलाच पोचतील.

कार्टर काय म्हणत होते? उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असेल हा भरवसा लोकांना उरलेला नाही, सरकारवर नाही आणि एकमेकांवरही नाही. माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याकडे काय आहे यावर त्याची किंमत ठरू लागली आहे. याला मराठीत एक शब्द आहे: उमेद. उमेद खचते, हरवते, परतही येते. ती एका माणसाची असते तशी गावाचीही असते. 'देशाची उमेद खचली आहे' म्हटलं की दोष कुणाच्या आळसावर जात नाही. 'मरगळ' मात्र झटकायची असते, म्हणजे ज्याला ती आली त्याचीच चूक. विरोधकांना नेमकं हेच सुचवायचं होतं: 'राष्ट्राध्यक्ष तुम्हालाच आळशी म्हणतोय.'

मूळ प्रश्नकर्ता

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी एक शब्द शोधत होतो, इथे दोन हवेत. निवेदक विरोधकांची भाषा सांगतो तिथे 'मरगळ' आणि कार्टर बोलतात तिथे 'उमेद'. ओळीला जागा फार थोडी असते, म्हणून असं करतोय:

निवेदक: विरोधकांनी त्याला नाव दिलं: 'मरगळीचं भाषण'.

कार्टर: आपल्या देशाची उमेद खचते आहे.

डॉक्टरताई, तुमची 'कणकण' वाया जाणार नाही. कॅम्प डेव्हिडच्या प्रसंगात एक पाहुणा देशाचं काहीतरी बिनसलंय असं सांगतो, तिथे ती बसवली.

प्रतिसाद

'खचते आहे' चांगलं. 'खचली आहे' म्हटलं असतं तर दार बंद झालं असतं.

पोलंडचा प्रसंग माहितीपटात असेल तर जपून. डिसेंबर १९७७ मध्ये वॉर्सॉला पोचल्यावर कार्टर म्हणाले, मी आज सकाळी अमेरिकेहून निघालो. दुभाषानं पोलिशमध्ये जे सांगितलं त्याचा अर्थ झाला, मी अमेरिका कायमची सोडून आलो. पुढे पोलिश जनतेच्या इच्छा-आकांक्षा जाणून घ्यायच्या आहेत, या वाक्यातल्या इच्छा वासना होऊन बसल्या. आपल्याकडेही 'घरून निघालो' आणि 'घर सोडलं' यांत आयुष्याचं अंतर आहे.

आणि कृपया त्यांना 'शेंगदाणा शेतकरी' लिहू नका. शेतात भुईमूग असतो, उपटल्यावर शेंगा, फोडल्यावर दाणे. जॉर्जियातल्या प्लेन्स गावात त्यांच्या घरची भुईमुगाची शेती होती आणि शेंगांच्या बियाण्याची वखार होती. आमच्याकडे वखार म्हटलं की लगेच कळतं.

मूळ प्रश्नकर्ता

'शेंगदाणा शेतकरी' लिहिलं होतं. आत्ता दुरुस्त केलं.

एक शेवटचं. त्यांच्या आई, लिलियन कार्टर, परिचारिका होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी 'पीस कोअर'तर्फे भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ आपल्या विक्रोळीत, गोदरेज वसाहतीत राहून रुग्णांची सेवा केली, त्यांत कुष्ठरोगीही होते. 'पीस कोअर'ला मी 'शांतिसेना' केलंय, पण मनाला पटत नाही.

प्रतिसाद

शांतिसेना नको. जुन्या माणसांना विनोबांची शांतिसेना आठवेल, मधल्या पिढीला श्रीलंकेत गेलेलं आपलं सैन्य. 'पीस कोअर' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अमेरिकी स्वयंसेवकांची संस्था' एवढं जोडा. माझं बालपण विक्रोळीत गेलं. घरी त्यांचा उल्लेख निघाला की मोठी माणसं एवढंच म्हणायची, "त्या अमेरिकन नर्सबाई." तुमच्या प्रेक्षकांत कुणी विक्रोळीचं असेल तर त्या ओळीला थोडा जास्त वेळ द्या, पुसू नका लगेच.

मूळ प्रश्नकर्ता

पाच सेकंद ठेवतो.