देवाचे राज्य केवळ मरणोत्तर नव्हे

देवाचे राज्य म्हणजे मृत्यूनंतर मिळणारा स्वर्ग, असे म्हटले जाते; हे विधान मला अपुरे वाटते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ११व्या अध्यायात येशू शिष्यांना ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना शिकवतो आणि त्याच अध्यायात, मी देवाच्या सामर्थ्याने भुते काढत असेन तर ते राज्य तुमच्यापर्यंत आलेच आहे, असेही सांगतो. म्हणजे ते आलेले आहे, पण पूर्णत्वास गेलेले नाही. त्या राज्याची रीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या एका बोधकथेत, मला सर्वाधिक स्पष्ट दिसते. दिवस मावळायच्या तासभर आधी द्राक्षमळ्यात आलेल्या मजुरालाही धनी दिवसभर उन्हात राबलेल्यांइतकाच एक दिनार देतो, आणि वाटपाची सुरुवातही शेवटच्यांपासून, इतरांच्या डोळ्यांदेखत करतो. दिनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी. त्याहून कमी मिळाले असते, तर त्या मजुराच्या घरी दिवसाची गरजही भागली नसती.