मदत हवी आहे : हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, फाइल्स कशा वाचवाव्यात?

नमस्कार. माझी १ टेराबाइटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क परवापासून संगणकाला जोडली की ठरावीक अंतराने टकटक असा आवाज करते, कधी दिसते, कधी दिसेनाशी होते, आणि दिसली तरी ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. तिच्यात वडिलांच्या आवाजाची काही ध्वनिमुद्रणे आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. जुन्या लॅपटॉपवरील मूळ फाइल्स मी ‘बॅकअप झाला’ असे समजून पुसून टाकल्या होत्या. ज्याला बॅकअप म्हणत होतो ती खरे तर एकमेव प्रत होती, हे आता कळले.

असा आवाज बहुधा वाचन करणारे हेड बिघडल्याचे लक्षण असते आणि डिस्क चालू ठेवल्यास तबकडीवर ओरखडे पडू शकतात, असे वाचल्यामुळे मी ती बंद ठेवली आहे. फॉरमॅट किंवा चेकडिस्क (विंडोजमधील, डिस्कवरील चुका तपासून दुरुस्त करणारी सोय) काहीही केलेले नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही मिळाला, पण आत दव धरेल या भीतीने तो मानला नाही.

डीडीरेस्क्यू या, बिघडलेल्या डिस्कवरील डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेण्याचा एक प्रयत्न करावा, की या अवस्थेत तेही धोक्याचे असून डिस्क थेट क्लीन रूम (डिस्क उघडण्यासाठीची धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे द्यावी? तसेच, तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर हा बॅकअपचा नियम घरगुती वापरात आपण नेमका कसा पाळता, तेही कृपया सांगावे.