‘हयगय’, ‘अविचार’ आणि ‘सदोष मनुष्यवध’

प्रश्न : जीवघेण्या अपघातानंतरच्या बातम्यांत कधी हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा, तर कधी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाल्याचे वाचायला मिळते. हे शब्दप्रयोग समानार्थी मानावेत का?

प्रतिसाद १ : मुळीच नाही. फिर्यादीत ‘ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ असे एका दमात लिहिण्याची इतकी सवय झालेली आहे, की त्यातला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो याकडे लक्षच जात नाही. ब्रेक नीट लागतात की नाही हे न पाहता गाडी बाहेर काढणे ही हयगय. समोरून वाहन येताना दिसत असूनही वळणावर ओव्हरटेक करणे हा अविचार. ‘निष्काळजीपणा’ पहिल्याला शोभतो, दुसऱ्याला ‘बेदरकारपणा’ अधिक जवळचा.

‘सदोष मनुष्यवध’ या दोहोंच्या पलीकडचा आहे, कारण त्यात आपल्या कृत्याने कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव आहे याची जाणीव चालकाला होती, हे सिद्ध करावे लागते. भारतीय दंड संहितेत हयगयीच्या मृत्यूला जास्तीत जास्त 2 वर्षे कैद होती, तर केवळ जाणीव असलेल्या सदोष मनुष्यवधाला 10 वर्षांपर्यंत. मुंबईतील कार्टर रोडवर 2006 मध्ये पदपथावर झोपलेले 7 मजूर मोटारीखाली मरण पावले, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने हयगय मानून 6 महिन्यांची शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून ती 3 वर्षे केली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला ही जाणीव असते की नाही, हाच अशा खटल्यांतला खरा वाद असतो, त्यामुळे वार्ताहराने कलम न पाहता ‘सदोष’ लिहून टाकणे मला गैर वाटते.

प्रतिसाद २ : दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत हयगयीची कमाल शिक्षा 5 वर्षे झाली आहे, एवढी भर घालतो. पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास 10 वर्षांपर्यंत कैद सांगणारे पोटकलम मात्र जानेवारी 2024 मधील वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर 1 जुलै 2024 रोजी इतर कलमांबरोबर लागू करण्यात आले नाही. शिवाय ‘भरधाव ट्रकने चिरडले’ या मथळ्यात कर्ता ट्रक आहे. चालक, आणि त्याला विश्रांती न देता गाडीवर पाठवणारा मालक, वाक्यात कुठेच नाहीत.