मदत हवी आहे: फोर्कनंतर पत्ता तोच, किंमत वेगळी. कर्नलला कळतं कसं?

लिनक्सवर सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. फोर्क केलं (म्हणजे चालू प्रोसेसची, पॅरेंटची, चाइल्ड नावाची प्रत तयार केली), चाइल्डमध्ये एका व्हेरिएबलची किंमत 5 ची 9 केली आणि दोन्ही प्रोसेसमधून त्याचा पत्ता छापला. पत्ता अगदी तोच, पण पॅरेंटमध्ये किंमत 5 च! प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल (प्रोग्रामला दिसणारा व्हर्च्युअल पत्ता खऱ्या, फिजिकल मेमरीत कुठे आहे याचा तक्ता) वेगळं, त्यामुळे एकाच व्हर्च्युअल पत्त्यामागे वेगळी फिजिकल मेमरी असू शकते, इथवर समजलं.

अडलंय ते पुढे. फोर्क होताना सगळी पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कॉपी होत नाहीत, कोणी लिहायला गेलं की तेवढंच पेज कॉपी होतं म्हणे. मग लिहिलं जातंय हे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कळतं कसं? प्रत्येक इन्स्ट्रक्शनवर तो पहारा देत असेल तर मशीन रखडेलच की. पेजेस आधी रीड-ओन्ली करून ठेवतो आणि पेज फॉल्टची (परवानगी नसलेल्या पेजवर लिहायला गेलं की प्रोसेसर कर्नलला देतो त्या इशाऱ्याची) वाट बघतो, असं काही आहे का? जाणकारांनी जरा टप्प्याटप्प्याने सांगाल का?