गोष्टीत प्रेमी मारून टाकले की लेखक सुटला काय?

सीमाभागी: जातीबाहेर प्रेम केलेली पोरं शेवटी मेलीच पाहिजेत असं ठरवूनच टाकलंय काय ओ? सैराट (२०१६) बघून सगळे सुन्न झाले, बरोबर, पण घरी येऊन मोठी माणसं काय म्हणाली, "बघ, पळून गेलं की असं होतंय." सिनेमा जातीवर बोलला आणि घरच्यांनी तोच पोरीला धमकी म्हणून वापरला. शिवाय मागं राहिलेल्या घराचं कोण लिहितंय? २०२३ च्या डिसेंबरात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या होसवंटमुरीत पोरगा-पोरगी पळून गेली आणि मार कुणी खाल्ला तर पोराच्या आईनं, विवस्त्र करून खांबाला बांधलं तिला, हायकोर्टानं स्वतःहून केस घेतली. ती बाई कुठल्या कादंबरीत हाय?

खानापूरकर: नाही पटलं. धमकी देणारा कशाचीबी धमकी करतोय, त्यात सिनेमाची काय चूक? शेवट गोड केला असता तर तुम्हीच म्हणाला असता खोटं दाखवलंय.

निपाणीची सून: घरच्यांवर कुणी लिहिलं नाही असं कसं म्हणता? गिरीश कर्नाडांचं तलेदंड नाटक वाचा की. बाराव्या शतकातलं कल्याण, ब्राह्मण मधुवरसाची मुलगी नि चांभार हरळय्याचा मुलगा, दोघं बाप बसवण्णांच्या मार्गातले, त्यांनी लग्नाला हो म्हटलं म्हणून जीव त्या बापांचा गेला. पळून जाणं नाही, चोरी नाही, घरचे राजी, तरी. पळून गेल्याच्या गोष्टींपेक्षा मला ही जास्त भीतीदायक वाटते.

बेळगावचा बंड्या: आमच्यात कन्नड-मराठी सोयरीक होतेय की, दुकानाच्या बोर्डावर कुठली भाषा ह्यावरनं भांडणारेबी कन्नड सून करून आणतात, जात जुळली की भाषा आडवी येत न्हाई. ह्यावर लिहा कुणीतरी, हसू येईल आणि रागबी येईल

खानापूरकर: @बंड्या एक नंबर 😄 आणि सगळेच मरत नाहीत बरं का. आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, घरच्यांनी मुरगोड पोलिसात तक्रार दिली, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२१ ला कोर्टानं एफआयआरच रद्द केला, दोघं सज्ञान आहेत म्हणून. पण वाचकाला कोर्टाचा कागद नको असतोय, रक्त पाहिजे असतंय.

निपाणीची सून: आणि सैराटमध्येही घरचे आहेत हो, पंचांपुढं उभा असलेला परश्याचा बाप आठवा. लोकांना झिंगाट आठवतं त्याला काय करणार.

सीमाभागी: बाप आठवतोय ताई. पण आर्चीची आई? शेवटी मारेकरी येतात ते तिच्या नावानं भेटी घेऊनच. तिला माहीत होतं की नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात ती भाकरी कुणाच्या ताटात वाढत होती? तिथनं पुढचं लिहा म्हणालोय मी.