मदत हवी आहे : कार्यक्रम चालू असताना स्टाफची मध्येमध्ये ये-जा

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडवरच्या एका वृद्धाश्रमात मी सकाळी 11 वाजता आजी-आजोबांचे कार्यक्रम घेते. गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात आल्या की सिस्टर बीपीचं मशीन घेऊन येतात. मागोमाग मावशी "आजी, चला अंघोळीला" म्हणत थेट व्हीलचेअरच ढकलत नेतात. डिमेन्शिया असलेल्या एका आजींचं लक्ष एकदा उडालं की परत लागत नाही, त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहतात.

पार्किन्सन्सची गोळी, जेवणाआधीचं इन्सुलिन वेळेवरच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण टाळ्या वाजवत गाणाऱ्या माणसाचं बीपी तेव्हाच कशाला? मोजण्याआधी निदान 5 मिनिटं शांत बसवायचं असतं ना! मावशींवर चिडतही नाही, एकेकीच्या वाट्याला किती जण येतात ते दिसतं.

दारावर पाटी लावली, कुणी वाचत नाही. मॅनेजर म्हणतात, "तुम्हीच ॲडजस्ट करा."

इथे कुणी नर्सिंगमध्ये किंवा अशा संस्थेत असेल तर सांगा, ड्यूटी बदलताना कार्यक्रमाची वेळही सांगायची पद्धत कुठे आहे का? अंघोळी आधी उरकून घेणं जमतं का? की मावशींनाच भेंड्यांत एका बाजूला बसवू?